बंद तोंडाचे पिस्ते

रफसंजानच्या बाजारात त्यांना खंदान म्हणतात. हसरे.
झाडावरच ज्यांचं कवच उकललं, ते.
त्यांना भाव मिळतो, डबा मिळतो,
विमानसुद्धा.

आमच्या घरी येतात ते
मूग गिळून बसलेले.
ठेकेदार कुर्बानअली मोटारसायकलवरून गोणी टाकून जातो,
आमच्यासमोर वजन करून.
आई ते रात्री भिजत घालते
आणि सकाळी चटईवर पाय पसरून, पकड घेऊन
एकेकाला हसायला लावते.
कट्.
कट्.
जोर जास्त झाला तर गर चिरडतो,
कमी पडला तर पिस्ता निसटून कपाटाखाली.
मधलं काय ते अंगठ्यालाच ठाऊक,
त्याच्यावर हरभऱ्याएवढा घट्टा आहे.

आमचीही झाडं होती. चाळीस.
त्यांत नर चारच, वाऱ्याच्या अंगाला लावलेले.
फरवर्दीनमध्ये वारा सुटला, पिवळी भुकटी उडाली
की आजोबा बायकांना ओरडून सांगत,
आज बागेत लग्नं आहेत, धुणं वाळत घालू नका!
एक साल झाड ओंजळी भरायचं,
पुढच्या साली रुसून बसायचं.
आजोबा त्याची समजूत घालत नसत. म्हणत,
बाळंतिणीला कोणी लगेच कामाला लावतं का?

शहरीवरच्या चांदण्यात
झाडाखाली बसलं तर पिस्ते फुटल्याचं ऐकू येतं,
आणि जोडीनं ऐकलं तर नशीब उघडतं, म्हणतात.
आई म्हणते, मी ऐकलंय.
कोणाबरोबर, विचारलं
तर आळीमिळी गुपचिळी.

विहीर आधी चाळीस मीटर होती.
मग नव्वद. मग दोनशे दहा,
आणि पाणी असं की चहात मीठ पडल्यासारखं.
पिस्त्याला खारं पाणी चालतं,
माणसापेक्षा जास्त सोसतो तो.
पण नसलेलं पाणी
कोण सोसणार?
खोडं सरपणाला गेली. चांगली जळली.

परवा दवाखान्यात फरंगीसबाईनं
आईची पापणी ओढून पाहिली.
रक्त कमी आहे, तूबाखानुम,
रोज मूठभर पिस्ते खात जा.
प्रथिनं आहेत, लोह आहे, पोटॅशियम,
हृदयाला बरी अशी चरबी,
आणि तो हिरवा रंग डोळ्यांना चांगला.
आई हसली नाही. पदराआड हात लपवले फक्त.
दिवसाला सहा किलो तिच्या बोटांखालून जातात
आणि गर, कवच सगळं
कुर्बानअली परत मोजून नेतो.
पिकतं तिथे विकत नाही म्हणे.
इथे पिकतं तिथे चाखत नाहीत.

त्या रात्री माझा हात जरा जड पडला.
एक चिरडला.
मग दुसरा.
विसावा चिरडला तेव्हा आईनं पकड खाली ठेवली,
माझ्याकडे पाहिलं, ब्र काढला नाही.
मी बशी पुढे केली. वर चिमूटभर मीठ.
तिनं आधी जांभळं साल नखानं सोललं,
दिव्यापाशी धरून रंग पाहिला,
बागेतल्या जिनसेचा आहे का, ते पाहत असावी.
मग पुढच्या दातांनी, उंदरासारखं,
थोडं थोडं.
एका पिस्त्याला इतका वेळ लागतो
हे मला माहीतच नव्हतं.
थोडा गोड, म्हणाली. मग लोण्यासारखा.
मग शेवटी जरा झाडाच्या सालीचा वास.
बरोबर आहे, म्हणाली,
असाच होता.

सोमवारी काटा वीस ग्रॅम हलका.
तूट कशी? कुर्बानअलीनं विचारलं.
आई भिंतीला टेकून बसलेली,
ओठ असे मिटलेले
की पकड लावली तरी उघडले नसते.
वाळले असतील, मी म्हटलं.
त्यानं वहीत काहीतरी खोडलं,
नवी गोणी टाकली,
फाटकाबाहेर दोनदा किक मारली.

मोटारसायकल वळणापलीकडे गेल्यावर
आई हसली.
दातांत अजून
हिरवं होतं.